जसंच्या तसं

जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या मराठी माणसांत वसुधा बोंद्रेचं एक नाव होतं. कुठे दोन घरांत वाजलं की तिला बोलवायचं. ती इकडचं तिकडे सांगायची, पण सांगताना त्यातले काटे वेचून बाजूला ठेवायची. "त्यांना म्हणावं, माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका," हे वाक्य तिच्या तोंडून पलीकडच्या घरी पोचेपर्यंत "सध्या जरा धावपळ आहे त्यांची, नंतर निवांत भेटतील," असं झालेलं असायचं. भांडणं मिटायची. लोक तिला जेवायला बोलवायचे. तिचा नवरा श्रीधर मात्र म्हणायचा, "तू निरोप पोचवतेस की त्याचा मुरांबा घालतेस?"

सव्वीस वर्षं ती या शहरात होती. निप्पेस भागातल्या एका प्राथमिक शाळेत ती दुपारचं जेवण वाढायची. सव्वाशे मुलं, मोठमोठी पातेली, बटाटे, नूडल्स, शुक्रवारी मासे. कुणाला सॉस वेगळा लागतो, कोण गाजर रुमालात लपवतं, सगळं तिला पाठ. मुलं तिला फ्राउ बोंद्रे, म्हणजे बोंद्रेबाई, म्हणत. पहिलीतली क्षितिजा एकटीच ओळीत नंबर आला की हळूच "आजी" म्हणायची आणि जास्तीचा पुडिंगचा वाडगा घेऊन पळायची.

क्षितिजाचा बाप देवदत्त पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीत आलेला. बरोबर बायको अपूर्वा, आणि आता सहा महिन्यांसाठी म्हणून आलेले आणि मुक्काम वाढवून घेतलेले त्याचे वडील, पद्माकर. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. सदतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं, शेवटची नऊ वर्षं हेडमास्तर होते, आणि अजूनही रस्त्यात मुलं आरडाओरडा करताना दिसली की त्यांचा हात आपोआप कमरेवर जायचा.

नोव्हेंबरात एके दिवशी जेवणाची भांडी आवरताना फ्राउ एसर स्वयंपाकघरात आली. ती खास शिक्षिका. ज्या मुलांना शिकताना वेगळी मदत लागते, त्यांचं काम तिच्याकडे. पन्नाशीची, उंच, केस पांढरे, चालणं घाईचं.

"फ्राउ बोंद्रे, क्षितिजाच्या आईवडिलांशी बोलायचंय. माझं इंग्रजी आणि त्यांचं जर्मन, दोन्ही भाजी घेण्यापुरतं. तुम्ही दुभाषी म्हणून बसाल?"

वसुधाला मोठा मान वाटला. बसण्याआधी फ्राउ एसरने एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, मी दोन्ही बाजूंचं सगळं बोलणं पूर्ण आणि खरं सांगेन आणि बाहेर बोलणार नाही. बाहेर बोलायचं नाही एवढं वसुधाने मनाशी पक्कं केलं आणि सही ठोकली.

बैठक लहान मुलांच्या खुर्च्यांवर झाली. देवदत्तचे गुडघे हनुवटीला लागत होते. अपूर्वाने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

फ्राउ एसर म्हणाली, "क्षितिजाला अक्षरं ओळखता येत नाहीत. वर्गातली बाकीची मुलं आता शब्द वाचतात. तिला सहा अक्षरं येतात, तीही रोज नाहीत. मला काळजी वाटते. तिला खास मदतीची गरज आहे का, याची रीतसर तपासणी करावी असं मला वाटतं."

वसुधाने अपूर्वाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एवढीशी पोर, एवढ्या लांब आलेले आईबाप. तिच्या जिभेने सवयीने वळण घेतलं.

"त्या म्हणतात, क्षितिजा फार गोड मुलगी आहे. अक्षरांत जरा मागे आहे, पण येईल. तिच्याकडे थोडं जास्त लक्ष देणार आहेत. त्यासाठी एक फॉर्म असतो."

"बरोबर आहे," देवदत्त म्हणाला, "पण त्यांना सांगा काकू, आमच्या मुलीवर ढ म्हणून शिक्का बसलेला आम्हाला चालणार नाही. आणि शाळा बिळा बदलायची नाही. इथेच राहील ती."

वसुधा जर्मनमध्ये म्हणाली, "ते म्हणतात, शाळेचे फार आभार. तुम्ही जे कराल ते तिच्या भल्याचंच असेल."

फ्राउ एसरने लिहून घेतलं. मग विचारलं, "घरी मराठी अक्षरांचंही असंच होतं का? हे महत्त्वाचं आहे. नुसतं जर्मन कच्चं असेल तर खास मदतीचा कायदा तिथे लागू होत नाही. मग वेगळा मार्ग."

वसुधाने विचारलं, "घरी मराठी वाचता ना तुम्ही?"

"हो तर," अपूर्वा म्हणाली. "रोज रात्री गोष्टीचं पुस्तक. अख्खं वाचते ती माझ्याबरोबर."

ते मात्र वसुधाने जसंच्या तसं सांगितलं. फ्राउ एसरच्या कपाळावर आठी पडली, पण तिने तेही लिहून घेतलं. निघताना सगळ्यांनी हात मिळवले. देवदत्तने दोनदा धन्यवाद म्हटलं. घरी येऊन वसुधा श्रीधरला म्हणाली, "एवढी छान बैठक झाली. कुणाचा आवाजसुद्धा चढला नाही."

श्रीधरने पेपरातून डोकं वर काढलं. "अगं, मुलीला वाचता येत नाही असं बाई सांगते आणि कुणाचा आवाज चढत नाही? आपल्यातल्या माणसांचा?"

ती त्याच्यावर रागावली आणि विसरून गेली.

*

तपासणी चालू राहिली. फेब्रुवारी उजाडला, कार्निव्हल आला, सोंगं घेण्याचा इथला सण. त्याची सुरुवात बायकांच्या गुरुवाराने होते, आणि त्या दिवशी शाळेत कुणी शिकवत नाही. स्वयंपाकघरात वसुधा डोनट मांडत होती, डोक्यावर तिसरीतल्या मुलींनी बसवलेला सोनेरी कागदाचा मुकुट. दारात देवदत्त येऊन उभा राहिला. त्याचा टाय छातीवर मधोमध कापलेला होता, अर्धाच लोंबत होता.

"काकू, ऑफिसातल्या बायकांनी कात्रीने कापला," तो म्हणाला. "एचआरवाली पहिली. मी काय केलंय त्यांचं?"

"काही नाही रे, आज रीतच आहे इथली. टाय जुना घालून जायचा आजच्या दिवशी."

"लग्नातला होता." त्याने खिशातून पाकीट काढलं. "ते जाऊ दे. हे सकाळी आलंय. शुलआम्टकडून. अपूर्वाने शब्दकोश घेऊन दोन तास काढले. तिला जे कळलं ते खरं वाटत नाहीये."

शुलआम्ट म्हणजे शाळाखात्याची कचेरी. वसुधाने ओले हात पुसून कागद उघडला.

क्षितिजाला शिकण्यात खास मदतीची गरज आहे, असं अहवाल म्हणतो. अशी मदत दोन ठिकाणी मिळू शकते. एक तर याच शाळेत, जिथे एका वर्गात खास शिक्षिका बरोबर बसते, किंवा खास शाळेत. पालकांनी जागेविषयी काही इच्छा सांगितलेली नाही. ते आभारी आहेत आणि निर्णय शाळेवर सोपवतात. म्हणून ऱ्हाइनच्या पलीकडच्या खास शाळेत, जिथे जागा आहे, तिला घालावं असा विचार आहे. सकाळी सातला गाडी न्यायला येईल. निर्णयाआधी पालकांचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. त्यासाठी पुढच्या गुरुवारी दहा वाजता यावं.

'ते आभारी आहेत.' हे शब्द देवदत्तचे नव्हते. हे तिचे होते. छापलेले, शिक्का मारलेले.

"काय लिहिलंय?" देवदत्तने विचारलं.

तिच्या मनात आलं, म्हणावं, काही नाही, एक बोलावणं आहे. जीभ वळलीसुद्धा. पण समोर कागद होता, आणि कागदाचा मुरांबा होत नाही. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठीत वाचून दाखवलं. एक शब्द सोडला नाही.

देवदत्तने कागद परत घेतला. म्हणाला, "पण काकू, त्या दिवशी बाई म्हणाल्या की थोडं जास्त लक्ष देणार."

"ती म्हणाली नव्हती. मी म्हणाले."

"आणि मी जे बोललो? शाळा बदलायची नाही म्हणून?"

"ते मी सांगितलं नाही."

त्याने कापलेला टाय गळ्यातून काढला, घडी करून खिशात ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. ओरडला असता तर वसुधाला बरं वाटलं असतं.

ती तशीच मुकुटासकट फ्राउ एसरकडे गेली. फ्राउ एसर समुद्री चाच्याच्या वेशात होती. एका डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार, खांद्यावर कापडी पोपट. ती लिमलेटच्या गोळ्या पाकिटांत भरत होती. वसुधाने दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. ती काय म्हणाली होती, आईबाप काय म्हणाले होते, मधे आपण काय केलं.

फ्राउ एसरने पट्टी कपाळावर सरकवली आणि दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बावीस वर्षं मी पालकांशी बोलते, फ्राउ बोंद्रे. पोरात काही कमी आहे असं सांगितल्यावर कुणी रडतं, कुणी दार आपटून जातं. एकाने माझ्या अंगावर कॉफी ओतली होती. वर आभार कुणीच मानत नाही. मलाच शंका यायला हवी होती."

"माझं चुकलं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. चुकलं," फ्राउ एसर म्हणाली. खांद्यावरचा पोपट वाकडा झाला होता, तो तिने सरळ केला. "मला काय वाटलं माहितीये? या लोकांना मुलगी कुठे जाते याचं काही नाही. तीन महिने मला त्या आईचा राग होता."

हे वसुधाला कॉफी अंगावर पडल्यासारखं लागलं. अपूर्वाचा राग. पर्स मांडीवर धरून बसलेल्या अपूर्वाचा.

"या शाळेतल्या त्या वर्गात एकच जागा उरलीये," फ्राउ एसर म्हणाली. "आईवडील मागतील तर मी तिच्यासाठी भांडेन. पण मागायला त्यांनी हवं, आणि मला त्यांचं खरं म्हणणं हवं. दुभाषी कोण असावा हे त्यांनी ठरवायचं. त्यांना विचारा."

संध्याकाळी वसुधा त्यांच्या घरी गेली. तिला वाटलं होतं, दारातूनच परत पाठवतील. दार अण्णांनी उघडलं. त्यांनी तिला नखशिखांत पाहिलं.

"या. राणीसाहेब आल्या."

मुकुट अजून डोक्यावरच होता. ट्राममधून ती तशीच आली होती आणि कार्निव्हलच्या दिवशी कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिने तो घाईघाईने काढला.

आत देवदत्त म्हणाला, "आम्ही दुसरं कुणी बघतो, काकू. ऑफिसात एक जण आहे."

"काही दुसरं बघायचं नाही," अण्णा म्हणाले. "घोळ हिने घातलाय ना? मग हिलाच निस्तरू दे. नवा माणूस नव्या चुका करील. हिची चूक निदान आपल्याला माहितीये. वसुधाबाई, एकच अट. मी येणार, आणि मी जे बोलेन ते जसंच्या तसं त्या बाईच्या कानावर गेलं पाहिजे. जमेल?"

"जमेल," वसुधा म्हणाली. "श्रीधर म्हणतो, मी निरोपाचा मुरांबा घालते. आता नाही घालणार."

*

गुरुवारी अण्णा कोट घालून आले. लहान खुर्ची पाहिली आणि म्हणाले, "मी उभा राहतो. आयुष्यभर वर्गात उभाच राहिलोय."

फ्राउ एसरने आपल्या टेबलाची मोठी खुर्ची त्यांना आणून दिली आणि स्वतः छोटीवर बसली. अण्णांना हे आवडलं, पण त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"आधी हिला विचारा," ते म्हणाले, "हिला स्वतःला पोरंबाळं आहेत का? की दुसऱ्यांच्या पोरांवरच शहाणपण?"

"अण्णा, अहो," अपूर्वा कुजबुजली.

वसुधाने डोळे मिटले आणि सांगितलं. शहाणपणासकट सांगितलं.

फ्राउ एसर म्हणाली, "चार आहेत. तिसरा नऊ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. आता तो ट्राम चालवतो. बारा नंबरची. सगळे थांबे बरोबर घेतो."

वसुधाने हेही सांगितलं. अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"मग बोला म्हणावं."

या वेळी फ्राउ एसर बोलत होती आणि वसुधा एकेक वाक्य उचलून तसंच पलीकडे ठेवत होती. क्षितिजाला सहा अक्षरं येतात. श्रुतलेखनाच्या वेळी ती संडासात जाऊन बसते. वर्गातल्या दोन मुली तिला हसतात. ती वाचता येत असल्याचं नाटक करते, आणि हुशार आहे म्हणूनच ते इतके दिवस निभलं. शेवटचं वाक्यही वसुधाने तसंच सांगितलं.

अपूर्वाचे डोळे भरून आले. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "ती पुस्तक वाचत नाही. माझ्या आवाजावरून तिला सगळं पाठ झालंय. पान कधी उलटायचं तेही. एकदा मी मुद्दाम दोन पानं एकदम उलटली, तर ती जुनंच म्हणत राहिली. मी कुणाला बोलले नाही. ती इतकी खुशीत असायची."

वसुधाने सांगितलं. फ्राउ एसरचं पेन थांबलं. तिने हात पुढे करून अपूर्वाच्या मनगटावर ठेवला आणि एक शब्द बोलली. वसुधाने तोही सांगितला, "माफ करा." अपूर्वाला कळलं नाही, कशाबद्दल ते. वसुधाला कळलं.

"आता माझं लिहून घ्या म्हणावं," अण्णा म्हणाले. "मी तिला चार महिने पाटीवर शिकवतोय. आज क गिरवून घ्यावा, उद्या तिच्यासाठी तो नवाच. चित्र सांगा, पाहिजे ते काढील. गोट्या मोजायला सांगा, माझ्याआधी मोजते. अक्षर म्हटलं की झालं. मराठी असो नाहीतर जर्मन. तेव्हा भाषेचा काही दोष नाही."

हे ऐकून फ्राउ एसर पुढे सरकली. "तीन महिने मी हेच शोधत होते. हे अहवालात हवं होतं. यावरच सगळं उभं आहे."

"मग तीन महिने विचारलं का नाही?" अण्णांनी विचारलं.

"विचारलं होतं," वसुधा म्हणाली. "मी नीट सांगितलं नाही."

अण्णांनी मान हलवली. थोडा वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मैदानात मुलं दोरीवरच्या उड्या मारत होती. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अशी मुलं माझ्या वर्गात असायची. दर वर्षी दोन-तीन. मी त्यांना मागच्या बाकावर बसवायचो. छडीही मारायचो. आळशी आहेत असं वाटायचं. क्षितिजाला शिकवायला बसल्यापासून मला त्यांची नावं आठवायला लागली आहेत." ते वसुधाकडे वळले. "हेही सांगा."

देवदत्त बापाकडे पाहतच राहिला. वसुधाची जीभ अडली. हेडमास्तर माणूस, मुलासुनेसमोर, परक्या बाईसमोर. सदतीस वर्षांची नोकरी. सगळी जुनी सवय तिच्या घशाशी आली. 'ते म्हणतात, त्यांनाही शिकवण्याचा अनुभव आहे,' एवढं म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं?

"वसुधाबाई," अण्णा म्हणाले, "जसंच्या तसं ठरलंय आपलं."

तिने सांगितलं. बाकही सांगितला, छडीही सांगितली, नावं आठवतात तेही.

फ्राउ एसरने पेन बाजूला ठेवलं. म्हणाली, "छडी माझ्या काळात बंद झाली होती. पण पहिली पाच वर्षं मीही अशा मुलांना खिडकीशी बसवत होते, बाहेर बघत बसू दे म्हणून. मलाही नावं आठवतात."

अण्णांनी हे मराठीत ऐकलं आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मग आपण दोघंही मागच्या बाकावरचेच म्हणायचे," ते म्हणाले. वसुधाने सांगितल्यावर फ्राउ एसर इतक्या मोठ्याने हसली की दारातून शिपायाने डोकावून पाहिलं.

त्यानंतर काम सोपं झालं. देवदत्तने स्वतःच्या तोंडाने, तुटक जर्मनमध्ये सांगितलं, "क्षितिजा इथे. हा शाळा. त्या वर्गात. प्लीज." फ्राउ एसरने ते लिहून घेतलं. पालकांची इच्छा, तिचं कारण, मराठी अक्षरांची हकिकत, सगळं. मग कागद त्यांच्यासमोर ठेवून वसुधाला तो पहिल्यापासून मराठीत वाचायला लावला. अण्णांनी दोन जागी दुरुस्ती सांगितली. सह्या झाल्या. सर्वांत खाली दुभाष्याची ओळ होती. या वेळी वसुधाने ती आधी वाचली, मग सही केली.

*

ईस्टरच्या आधी शुलआम्टचं पत्र आलं. या वेळी अपूर्वाने शब्दकोश घेतला नाही. ती पत्र घेऊन ट्राम पकडून थेट शाळेच्या स्वयंपाकघरात आली आणि वसुधाने ते पातेल्यांच्या वाफेत उभं राहून वाचलं. क्षितिजा याच शाळेत राहणार होती. शेजारच्या वर्गात, जिथे आठवड्यातले बारा तास फ्राउ एसर बरोबर बसते.

सुट्टीनंतर तीन आठवड्यांनी क्षितिजा जेवणाच्या ओळीत आली आणि म्हणाली, "आजी, कणीक आहे?" बाकीचं ती जर्मनमध्ये बोलली. एस अक्षर कागदावर पळतं, पण कणकेचं केलं की हातात राहतं, आणि वर्गातली चिकणमाती संपली आहे. ओळीतल्या मुलांसमोर तिने हे मोठ्याने सांगितलं. लपवलं नाही. तिच्या मागच्या मुलाने तर आपल्यालाही कणीक हवी म्हणून हट्ट धरला. त्या दिवसापासून वसुधा पावाच्या कणकेचा एक गोळा ओल्या फडक्यात बाजूला ठेवू लागली.

जूनमध्ये अण्णा परत निघाले. जाण्याआधी ते शाळेत आले, हातात स्टीलचा डबा. अपूर्वाने रात्रभर खपून बेसनाचे लाडू केले होते. अण्णांनी तो डबा फ्राउ एसरपुढे धरला.

"सांगा, आमच्या सुनेने केलेत."

फ्राउ एसरने एक लाडू उचलला, वास घेतला, मोठा घास घेतला. बराच वेळ चावला. मग वसुधाकडे वळून हळूच जर्मनमध्ये म्हणाली, "हे फारच गोड आहे. मला नाही संपायचं. काय सांगावं?"

अपूर्वा आशेने पाहत होती. अण्णा डबा धरून उभे होते. न गिळलेला घास फ्राउ एसरच्या एका गालात होता.

वसुधाने एप्रनने कपाळ पुसलं.

"त्या म्हणतात, फार गोड झालेत. त्यांना संपणार नाही. काय सांगावं असं मला विचारतायत."

अण्णा हसू लागले. हसता हसता त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा वसुधाच्या हातात दिला.

"हे तुम्ही घरी न्या. श्रीधररावांना द्या, सांगा, मुरांबा संपला," ते म्हणाले. "आणि बाईंना म्हणावं, उद्या सकाळी चकली. तिखट. विमान संध्याकाळचं आहे."

वसुधाने सांगितलं. फ्राउ एसरने तोंडातला घास कसाबसा गिळला आणि विचारलं, "तिखट म्हणजे किती?"

"फार," वसुधा म्हणाली.